भूल आणि पहारा

मराठीत ‘भूल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक चूक, दुसरा, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला मुद्दाम आणलेली बेशुद्धी. घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली की आपण सर्जनची कीर्ती, खोलीचे भाडे, रक्ताचा गट यांची कसून चौकशी करतो. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच विचारतो. पहिला अर्थ दुसऱ्यात शिरू नये असे वाटत असेल, तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज शिरेतून भूल देण्यासाठी जगभर वापरले जाणारे प्रमुख औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते दुधासारखे पांढरे दिसते. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनचे तेल, अंड्याच्या बलकातील लेसिथिन आणि ग्लिसरॉल यांच्या साहाय्याने त्याचे पायस करतात. (रसायनशास्त्रातील या पायसाचे नैवेद्याच्या पायसाशी साम्य रंगापुरतेच!) इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीत जॉन ग्लेन या पशुवैद्याने १९७३ च्या सुमारास याचे गुण हेरले. पहिले द्रावण काही रुग्णांना बाधले, ते मागे घ्यावे लागले आणि आजचे पांढरे रूप १९८६ मध्ये बाजारात आले. ग्लेन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

हे औषध टोचल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात डोळे मिटतात आणि एका मात्रेचा अंमल पाच-दहा मिनिटांत ओसरतो. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दीड ते अडीच मिलिग्रॅम पुरते. वृद्धाला व अशक्ताला त्याहून कमी. परंतु जे औषध मेंदूला निजवते तेच श्वासही मंदावते, प्रसंगी थांबवते, आणि रक्तदाब उतरवते. त्यावर उतारा नाही. अंमल ओसरेपर्यंत रुग्णाचा श्वास दुसऱ्या कोणीतरी सांभाळायचा असतो. म्हणून प्राणवायू, श्वासनलिकेत घालायची नळी, रक्तदाबाचे यंत्र आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर ही सामग्री हाताशी लागते. त्याहून महत्त्वाचा, उशाशी बसून केवळ हेच काम करणारा प्रशिक्षित माणूस. प्रख्यात गायक मायकेल जॅक्सन यांना २००९ मध्ये झोप यावी म्हणून हेच औषध राहत्या घरी दिले गेले. पुरेशी देखरेख नव्हती आणि ते दगावले. त्यांच्या डॉक्टरला २०११ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवण्यात आले. औषध शुद्ध होते, पहारा नव्हता.

या पहाऱ्याच्या शास्त्रात आपल्या हैदराबादचाही वाटा आहे. क्लोरोफॉर्मच्या काळात डॉ. एडवर्ड लॉरी तेथे आग्रहाने सांगत, की नाडी पाहू नका, श्वास पाहा. त्यासाठी निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन आले. लॉरींच्या हाताखाली क्लोरोफॉर्म देण्यात निष्णात झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील अगदी आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. श्वासाकडे लक्ष देण्याचा आग्रह योग्यच होता. नाडीची उपेक्षा मात्र चुकीची ठरली. क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवू शकते, हे १९११ मध्ये लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले. आजचे ऑक्सिमीटर रक्तातील प्राणवायू आणि नाडी एकाच वेळी दाखवते; हा जुना वाद त्या चिमटीत मिटला म्हणायचा.

तेलकट पायसात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून एक कुपी एकाच रुग्णाला, आणि उघडलेले औषध काही तासांत फेकून द्यायचे, हा दंडक आहे. उरलेले वाचवण्याच्या काटकसरीतून रुग्णांना जंतुसंसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत.

आता आपल्या घराकडे वळू. भुलीत घशाची स्वाभाविक राखण सुटते. पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात शिरू शकते. म्हणून सामान्यतः हलके खाणे सहा तास आधी, तळलेले व जड आठ तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. येथे आपल्या भाषेने घोटाळा करून ठेवला आहे. डॉक्टर ‘उपाशी या’ म्हणतात, आजींच्या कानी ‘उपवास’ पडतो, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन त्या निश्चिंत मनाने हजर होतात! दुधाचा चहाही हलक्या खाण्यातच मोडतो. मूल रडते म्हणून आई पदराआडून बिस्किट देते. ती माया जिवावर बेतू शकते. दिलेच असेल, तर निदान डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते.

नित्याची औषधे, पूर्वी आलेली वावडी, दमा, रात्रीचे मोठे घोरणे, तंबाखू, मद्य, हलणारा दात, कवळी, यांतले काहीही भूलतज्ज्ञांपासून लपवू नये. सुनेसमोर कवळी काढायला संकोच वाटतो म्हणून ती तशीच ठेवणाऱ्या सासूबाई पुष्कळ असतात.

त्याच दिवशी घरी सोडले, तर माणूस स्पष्ट बोलतो, चहा मागतो, हिशेबही विचारतो. तरी चोवीस तास त्याच्या हाती वाहन देऊ नये, महत्त्वाच्या कागदावर त्याची सही घेऊ नये आणि त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नये.