तबकडीच्या आतलं घड्याळ

परदेशातल्या एका संग्रहालयाच्या दुकानातून भाचीने आणलेली टिपणवही माझ्या टेबलावर आहे. मुखपृष्ठावर पांढरी इनॅमलची तबकडी, तिच्यावर काळ्या रेषांची दाट पानवेल, तासांना रोमन आकडे, मिनिटांना साधे. जॉन हॅरिसनचं १७५९ सालचं ‘एच-४’! वही इतकी देखणी की पहिल्या पानावर लिहायला हात धजेना. पण उलटसुलट करून पाहिली, तर या घड्याळाने काय केलं याची एक ओळही कुठे सापडेना.

१७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटली. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत, हे खलाशांना तेव्हा कळत नसे. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. निघालेल्या बंदराची वेळ जहाजावर अचूक राखली, तर सूर्यावरून काढलेल्या जहाजाच्या जागच्या वेळेशी ती ताडून रेखांश निघतो. पण डुलत्या जहाजावर लंबकाचा टिकाव लागत नाही. १७१४ साली ब्रिटिश संसदेने यावर २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं आणि यॉर्कशरमधल्या एका सुताराच्या मुलाने, हॅरिसनने, पुढचं आयुष्य त्यात घातलं.

त्याचं पहिलं यंत्र भरलं सुमारे ३४ किलो. तिसऱ्यावर त्याने १९ वर्षं खर्ची घातली. थंडी-उन्हाने चाल बिघडू नये म्हणून दोन धातू जोडलेली पट्टी त्यात बसवली. तीच युक्ती पुढे थर्मोस्टॅटमध्ये आली. मग त्याने वाटच बदलली. ‘एच-४’ जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचं, दिसायला खिशातल्या मोठ्या घड्याळासारखं. १७६१ मध्ये मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. रोजची ठरावीक तूट धरली, तर ८१ दिवसांत फरक पडला पाचेक सेकंदांचा! तरीही बक्षिसाचं परीक्षक मंडळ अटी वाढवतच राहिलं. राजा तिसरा जॉर्ज मध्ये पडला, तेव्हा कुठे १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले. हॅरिसन ऐंशीचा झाला होता.

हे सगळं एका वहीच्या मलपृष्ठावर मावतं. बुकमार्कवर ती दोन धातूंची पट्टी काढता येते, पेन्सिलीवर पाच सेकंदांचा हिशेब छापता येतो. संग्रहालयाची वस्तू घरी येते ती कुणाला तरी दाखवण्यासाठी. दाखवताना सांगायलाही काही हवं. नुसती पानवेल छापणं हा त्या कारागिरावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रिनिचच्या संग्रहातली हॅरिसनची पहिली तीन यंत्रं चालती ठेवतात. त्यांना तेल लागत नाही. अंगचं तेल असलेलं कठीण लाकूड त्याने त्यांत वापरलं. ‘एच-४’ला मात्र तेल लागतं. तेल खराब झालं की ते खोलून साफ करावं लागतं आणि भाग झिजतात. म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलं आहे. ग्रिनिचला गेलात, तर आधी या चौघांसमोर उभे राहा. दुकानात नंतर शिरा.