भारताकडून न खेळलेला प्रशिक्षक



मुलगी नववी-दहावीत गेली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरगी खेळते चांगली, पण पुढं काय? इंडियाच्या टीममध्ये थोडीच जाणार आहे!" आसगावात विचारा नाहीतर पवनीत, प्रश्न हाच. आणि तो खोटाही नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं करत चाळणी बारीक होत जाते. शेवटी मैदानात उतरतात क्रिकेटचे अकरा, कबड्डीचे सात, बास्केटबॉलचे पाच. मग बाकीच्यांनी इतकी वर्षं गाळलेला घाम गेला कुठं?

यासाठी अमोल मुझुमदार यांची कारकीर्द जरा नीट बघू. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा कर्णधार हरमनप्रीत कौर ज्यांच्या पाया पडली ते हे गृहस्थ. संघाचे मुख्य प्रशिक्षक. स्वतः मात्र भारताकडून एकही सामना खेळलेले नाहीत.

मुंबईच्या शारदाश्रम शाळेत ते रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झाले. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली. ती आपण मुलांना नेहमी सांगतो. पण त्यांच्यानंतर फलंदाजीला जाणारा मुलगा पॅड बांधून बसूनच राहिला, हे सांगायचं राहून जातं. तो मुलगा म्हणजे अमोल.

पुढे 1993-94 च्या हंगामात रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी हरियाणाविरुद्ध 260 धावा काढल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या पदार्पणातला तो त्या वेळचा विश्वविक्रम. कारकिर्दीत 11,167 धावा, 30 शतकं. 2006-07 ला मुंबईचे कर्णधार म्हणून रणजी करंडकही जिंकला. तरी भारतीय संघाचं दार उघडलं नाही, कारण मधल्या फळीत तेव्हा द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण अशी माणसं ठाण मांडून होती. मुंबईनंतर ते आसामकडून खेळले, आंध्रकडून खेळले आणि 2014 मध्ये थांबले.

इथून पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. खेळ थांबल्यावर ते एकदम मोठ्या खुर्चीवर जाऊन बसले नाहीत. नेदरलँड्सच्या संघाला फलंदाजीचं मार्गदर्शन, आयपीएलमध्ये राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक, 2019 ला भारतात आलेल्या दक्षिण आफ्रिका संघाबरोबर काही दिवस, मग मुंबईचे मुख्य प्रशिक्षक. ही सगळी उमेदवारीच म्हणायची. ऑक्टोबर 2023 मध्ये महिला संघाची जबाबदारी आली. डिसेंबरमध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दोन्ही कसोटी जिंकल्या, पण 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात संघ साखळीतच बाहेर पडला. टीका व्हायची ती झालीच.

आता खेळणं आणि शिकवणं यात फरक काय? आपण शिक्षक आहोत, आपल्याला हे लवकर कळेल. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा विद्यार्थी पुढे गणित चांगलं शिकवेलच असं नाही, कारण त्याला उदाहरण आपोआप सुटतं. समोरच्याचं कुठं अडतंय ते त्याला दिसत नाही. खेळाडूचंही तसंच. स्वतःचा फटका स्वतःच्या अंगात असतो. दुसरीचा फटका का चुकतो हे सांगायचं तर आधी तिचे पाय, तिची नजर, तिची भीती वाचावी लागते. शिवाय प्रत्येकीला ते एकाच भाषेत सांगून चालत नाही. वर्षानुवर्षं निवडीची वाट पाहिलेल्या माणसाला हे वाचन जास्त जमत असावं, असं मला वाटतं. संघाबाहेर बसलेल्या मुलीला काय वाटतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

विश्वचषकातलंच बघा. साखळीत भारत लागोपाठ तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध जादा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं, आणि भारत अवघ्या चार धावांनी हरला. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, तिला परत घेतलं आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. तिनं नाबाद 76 केल्या. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग करताना तीच जेमिमा नाबाद 127 वर उभी होती. वगळलेल्या मुलीला चार दिवसांत पुन्हा उभं करणं धावफलकावर कुठंच लिहिलं जात नाही.

आणि हे काम एकट्याचं नसतं. मुख्य प्रशिक्षकाबरोबर मोठा चमू असतो. या संघाच्या गोलंदाजीसाठी आविष्कार साळवी होते, म्हणजे मुंबईचेच माजी वेगवान गोलंदाज. क्षेत्ररक्षणासाठी मुनीश बाली. त्याशिवाय फिजिओ, ट्रेनर, प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाचे व्हिडिओ बघून टिपणं काढणारा विश्लेषक. यातलं प्रत्येक काम म्हणजे खेळ कळणाऱ्या माणसासाठी एक जागा आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

अमेरिकेत ही वाट चांगली रुळलेली आहे. तिथं कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं वेड. कॉलेज गाजवलेली खेळाडू पुढे एखाद्या महिला संघात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून रुजू होणं तिथं नेहमीचं आहे. डॉन स्टेली हे त्यातलं मोठं नाव. व्हर्जिनिया विद्यापीठ गाजवलं, खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं घेतली आणि खेळणं चालू असतानाच, 2000 मध्ये, टेम्पल विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक झाली. नंतर साउथ कॅरोलायना विद्यापीठाला 2017, 2022 आणि 2024 ला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षकही तीच.

आपल्याकडं? नाशिकच्या शैलजा जैन यांचं नाव आपल्या पोरींना माहीत असायलाच हवं. वर्षानुवर्षं कबड्डी शिकवलेल्या या बाई इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या. तिकडची फारसी भाषा शिकल्या, सरावात योग आणि प्राणायाम आणला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत, जकार्तात, त्यांच्या इराणनं अंतिम सामन्यात भारताला 27-24 असं हरवलं. त्याआधीची दोन्ही सुवर्णं भारताची होती. आपला संघ हरल्याचं वाईट वाटतं ते वाटतंच, पण जिंकवणारी बाई आपल्याच मातीतली, याला काय म्हणावं! माझं स्पष्ट मत असं, की महिला संघांच्या प्रशिक्षकांत बायका अजून फारच कमी आहेत.

याची सुरुवात कुठून करायची? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा वर्षभराचा डिप्लोमा असतो, सहा आठवड्यांचा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. इतकं लांब नको असेल तर आपल्या विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 पासूनचं. बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक होण्याचा मार्ग तर आपल्या ओळखीचाच. प्रवेशाच्या अटी बदलत असतात, त्या त्या वर्षीच्या बघून घ्याव्या.

शाळेत मात्र आजही काही करता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत. कबड्डीच्या संघात निवड न झालेल्या मुलीला पाचवी-सहावीच्या पोरींचा सराव घेऊ द्या. एकीला गुणपत्रक लिहायला बसवा, दुसरीला "कोणाची चढाई कुठं फसली" एवढंच वहीत टिपायला सांगा. सामना संपल्यावर दहा मिनिटं तिची वही सगळ्यांसमोर वाचून घ्या. रोवणीच्या दिवसांत अर्धा संघ शेतावर असतो, तेव्हा तर ही वही फार उपयोगी पडते. बांधीतून परत आलेल्या मुलीला मधल्या आठवड्यात काय झालं ते तीच समजावून सांगते.