पानाच्या वेषातला चोर

हिरव्या मँटिस किड्याचं एक छायाचित्र मी मोबाइलवर कौतुकाने दाखवत होते. आरमोरीकडच्या एका कोसा-उत्पादक काकांनी ते निरखून पाहिलं. "हा त आमचा चोर हाये जी," म्हणाले. तेवढ्या वाक्यासाठी पावसाळा सरताना त्यांच्या ऐनाच्या रानात गेले.

गडचिरोली-चंद्रपूरकडे ढिवर समाज मासेमारीच्या जोडीला पिढ्यान्‌पिढ्या टसर रेशमाचा कोसा पिकवतो. पुंज फुटले की अळ्या झाडावर सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की दुसऱ्यावर न्यायच्या, चार वेळा कात टाकून त्या कोसा विणेपर्यंत राखण करायची. सांगायला एवढंच. पण एका पुंजात दीडशे-दोनशे अंडी असतात, आणि काकांची अपेक्षा ऐका: "एका पुंजाले चाळीस कोसे भेटले त जमलं जी." चाळीस! उरलेल्या शंभरावर जिवांचं जे होतं, त्याच्याशीच काकांचा दिवसभर झगडा.

काकांनी काडीने एक पान दाखवलं. पानाच्या शेजारचं पान हललं, तेव्हा त्याला तिकोनी डोकं होतं. मिटलेले पंख पानाच्याच रंगाचे, काटेरी पुढचे पाय छातीशी दुमडलेले. फांदी वाऱ्याने झुलते तसा हाही झुलतो, म्हणजे हालचालीवरूनही ओळखू येऊ नये. कोशाची अळी बापडी पाला चावत सरकत याच्या पायांपर्यंत येते. पळणं तिला ठाऊक नाही.

लपणं मात्र ठाऊक आहे. ती हिरवीगार, अंगावर चंदेरी ठिपके, फांदीला उलटी लटकलेली. पक्ष्याला दिसत नाही तशी राखणदारालाही दिसत नाही. म्हणून काका आधी जमीन बघतात: ताज्या लेंड्या पडल्या असतील तर वर अळी आहे. एकाच फांदीवर एकाचं सोंग खाण्यासाठी, दुसरीचं वाचण्यासाठी, आणि दोन्ही ओळखायची जबाबदारी या माणसावर.

बाकीचे शत्रू उघड येतात. लाल मुंग्या पानं शिवून घर करतात आणि कोवळ्या अळ्या उचलून नेतात. (त्या मुंग्यांचं हुबेहूब रूप घेणारा एक कोळीही आहे, पुढचे दोन पाय मिशांसारखे उचलून धरतो आणि मुंगीच्या दराऱ्यावर निवांत जगतो.) उझी माशी तर वाढलेल्या अळीच्या अंगावरच अंडी घालते. तिच्या पिल्लांनी आतून पोखरलेली अळी पुष्कळदा तरीही कोसा विणते; मग ती पिल्लं तो फोडून बाहेर पडतात. भोक पडलेल्या कोशातून सलग धागा निघत नाही, व्यापारी तो बाजूला काढतो. ही लूट मला मँटिसपेक्षा निर्दय वाटली, पण काकांचा राग मँटिसवरच. माशी निदान दिसते.

काड्यांवर सुकलेल्या फेसासारखं काही चिकटलेलं दिसलं की काका ते खरवडून काढतात. ती मँटिसची अंडी. मी म्हटलं, शेतीच्या पुस्तकांत याला शेतकऱ्याचा मित्र म्हणतात.

"कापूसवाल्याचा असन," काका म्हणाले आणि काडीने मघाच्या मँटिसला खाली पाडलं. "चाळीस त्याले थोडीच मोजून द्या लागते."