एका जिल्ह्यातील तीन पाऊस आणि तीन जनावरे

पेरू-बोलिव्हियाच्या उंच पठारांवर ओझी वाहणारा लामा आणि मऊ लोकर देणारा अल्पाका या, उंटाच्याच कुळातील परंतु वशिंड नसलेल्या, प्राण्यांची छायाचित्रे पाहून आपल्याकडील हौशी मंडळींनाही ते पाळण्याचा मोह होतो, आणि त्यात गैर असे काही नाही. परंतु जनावर आणि मुलूख यांचा सांधा जेथे पिढ्यान्‌पिढ्या जुळत आलेला असतो, तेथेच पशुपालनाचा आनंद पुरतेपणी अनुभवास येतो, असे माझे मत आहे. त्याचा दाखला हवा असेल त्याने अहिल्यानगर, म्हणजे जुन्या दप्तरांतील अहमदनगर, या एकाच जिल्ह्यात हिंडून पाहावे.

पश्चिमेस अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या परिसरात, पाऊस असा कोसळतो की परमुलखातले जनावर गारठून बसावे. पण तेथील डांगी बैल भातखाचराच्या चिखलात खुशाल उभा असतो, कारण त्याच्या कातडीतून स्निग्ध द्रव पाझरतो आणि पाणी अंगावर न ठरता निथळून जाते. पांढऱ्या अंगावर काळे वा तांबूस ठिपके ल्यालेल्या या जनावरांचे प्रदर्शन राजूरला भरते.

पारनेरकडील धनगरांच्या दख्खनी मेंढीला मात्र ओल मुळीच मानवत नाही. म्हणून दिवाळीनंतर कळप घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्यापूर्वी परततात; वाटेत शेतात मेंढरे बसवावीत, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा रोकड घ्यावी, हा जुना व्यवहार. तिची लोकर अल्पाकाच्या लोकरीपुढे अगदीच राठ. तिच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात आणि ती अंगाला टोचतेच. हल्ली या लोकरीला भाव नाही, ही खेदाची गोष्ट होय.

पण घरोब्याचे सुख म्हणाल तर ते संगमनेरी शेळीपाशीच. दूध आणि मांस या दोहोंसाठी पाळली जाणारी ही जात बहुधा पांढरी, लोंबत्या कानांची, मागे वळलेल्या शिंगांची; गाभण राहिल्यावर सुमारे 150 दिवसांनी विते, पुष्कळदा जुळी देते, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निवडक बोकडांच्या द्वारे तिच्या सुधारणेचे काम चालविले आहे. तथापि ही माहिती बाजूस ठेवून तिन्हीसांजेला गोठ्यात उभे राहावे. रानातून परतलेली शेळी दाराशीच साद घालते, कोंडलेली करडे एकाच वेळी ओरडू लागतात, आणि दार उघडताच प्रत्येक करडू अचूक आपल्याच आईच्या कासेला ढुशा देत, शेपूट थरथरवीत, गुडघ्यांवर येते. तीच शेळी दुपारी मागच्या पायांवर उभी राहून शेजाऱ्याच्या कुंपणावरील शेवरी ओरबाडते, त्याची तक्रार मालकाला ऐकून घ्यावी लागते, आणि शेजारी पुढच्या वेताची पाट मागूनच समेटास तयार होतो.