कापड किलोने, टी-शर्ट नगाने : पोलोचं कापड घेण्याआधी हे गणित करा



व्हिडिओत मी कापड कापून, जोखून, धुऊन दाखवलं. पण आकडे स्क्रीनवरून पटकन निघून जातात, म्हणून ते इथे निवांत लिहून देते. ज्यांना पहिली पन्नास-शंभर नगांची ऑर्डर घ्यायची आहे, त्यांनी कापड बुक करण्याआधी हे एकदा वाचाच.

पोलो म्हणजे आपला कॉलरवाला टी-शर्ट. आमच्या बुधवार पेठेत त्याला गिऱ्हाईक भरपूर. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं, पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, क्लासेस, हॉटेलं, सगळ्यांना स्टाफसाठी टी-शर्ट लागतात. आणि गणपती जवळ आले की मंडळं येतातच. तांबडी जोगेश्वरी आणि दगडूशेठ दोन्ही इथलेच, मग आजूबाजूच्या गल्ल्यांमधल्या लहान मंडळांची संख्या तुम्हीच मोजा. प्रत्येकाला छातीवर मंडळाचं नाव हवं, आणि प्रत्येकाला ते "मागच्या वर्षीपेक्षा कमी रेटमध्ये" हवं!

इथेच नवा माणूस फसतो. तो बाजारात जाऊन एकच प्रश्न विचारतो, "किलोला काय भाव?" प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. होजिअरीचं कापड तुम्ही किलोने घेता आणि टी-शर्ट नगाने विकता. मधल्या मध्ये किती नग निघणार, हे ठरतं कापडाच्या वजनावर आणि ते धुतल्यावर किती आटतं त्यावर. बीबीएला आम्हाला कॉस्टिंगचा अख्खा पेपर होता, पण हे गणित त्यात कुठेच नव्हतं.

आधी पिके म्हणजे काय ते समजून घ्या

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही आपल्या राज्यातली कापडाची मोठी गावं. पण तिथलं मुख्य काम मागावरचं, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचं. टी-शर्टचं कापड वेगळं. ते सुईवर लूप घालून विणलेलं असतं, स्वेटरसारखं. म्हणून ते ताणतं. हे कापड मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतं, आणि काही लुधियानाहून.

यात साधं विणलेलं, दोन्ही हातांनी ताणलं की कडेला गुंडाळी होणारं कापड म्हणजे सिंगल जर्सी. बाजारात त्याला 'सिंकर' म्हणतात. गोल गळ्याच्या टी-शर्टला ते छान. पोलोला मात्र कॉलर, बटणपट्टी, कधी खिसा असतो, आणि हा सगळा भार पातळ सिंकर पेलत नाही. बटणपट्टीपाशी तो लोंबतो. म्हणून पोलोला पिके. त्यात काही लूप मुद्दाम पुढच्या ओळीत अडकवून ठेवतात, त्यामुळे कापडावर बारीक जाळीसारखी खरबरीत नक्षी उठते. ते अंगाला सपाट चिकटत नाही, मधून हवा खेळते, घाम चटकन दिसत नाही आणि कडाही कमी गुंडाळतात. फ्रान्सचा टेनिसपटू रेने लाकोस्त लांब बाह्यांच्या कडक शर्टाला वैतागला होता. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत तो असाच आखूड बाह्यांचा शर्ट घालून उतरला आणि १९३३ मध्ये एका होजिअरी उत्पादकाबरोबर त्याने कंपनी काढली. आज शंभर वर्षांनीही कॉलरवाल्या टी-शर्टला पिकेच चालतं, यात सगळं आलं.

आपल्या बाजारात याच जातीच्या कापडाला 'मॅटी' म्हणतात. सुती असलं तर कॉटन मॅटी, पॉलिस्टर मिसळलेलं असलं तर पीसी मॅटी. दुकानदार नुसतं "मॅटी आहे" म्हणाला तर ते अर्धंच उत्तर समजा. "धागा कसला?" हे विचारायचंच.

त्याच्या शब्दावर न जाता खात्री करायची असेल तर कापडातून दोन-चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि काडी लावा. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी होतो. मिश्र असेल तर दोन्ही दिसतं. टक्केवारी यातून कळत नाही, पण शंभर टक्के कॉटनच्या भावात मिश्र कापड विकणारा माणूस मात्र कळतो.

आता वजन

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पोलोला साधारण २०० ते २४० चालतं. १८० च्या खाली गेलात तर कॉलर जड आणि अंग हलकं, असा विचित्र प्रकार होतो. २४० च्या वर गेलात तर पुण्याच्या मे महिन्यात घालणारा तुमची आठवण काढेल.

मोजायला लॅब लागत नाही. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि त्याच्या वजनाला शंभराने गुणा. २.२ ग्रॅम भरला तर २२० जीएसएम. यासाठी सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅममध्येच दाखवतो, त्यावर असे दहा तुकडे एकत्र ठेवा आणि दहाने गुणा. तुकडे एकाच जागचे नकोत. एक कडेजवळून, एक मधून, एक दुसऱ्या टोकाकडून, आणि सरासरी काढा. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २२० सांगून २१० ते २३० भरलं तर भांडू नका.

आता ३०० नगांची ऑर्डर घेऊ. मिक्स साइजमध्ये एका पोलोला कटिंगचा वेस्टेज धरून सुमारे १.२ चौरस मीटर कापड लागतं असं समजा. २२० जीएसएमला एक नग म्हणजे २६४ ग्रॅम, ३०० नगांना ७९ किलो. हेच कापड २४० भरलं तर एक नग २८८ ग्रॅमचा, आणि ३०० नगांना ८६ किलोंहून थोडं जास्त. सात किलो वाढले. किलोचा भाव ४०० रुपये धरला तर सुमारे २,९०० रुपये, म्हणजे नगामागे साडेनऊ-दहा रुपये. नवा माणूस मंडळाच्या ऑर्डरीत नगामागे पंचवीस-तीस रुपयेच ठेवतो. त्यातला तिसरा हिस्सा कटिंग टेबलावरच संपला, आणि भाव तर एक रुपयानेही वाढलेला नव्हता!

उलटंही होतं. २२० सांगून १९० चं कापड आलं तर नग जास्त निघतात आणि तुम्ही खूश होता. मग सॅम्पल हातात धरून उभा असलेला गिऱ्हाईक म्हणतो, "ताई, हा तो टी-शर्ट नाही." आणि त्याचं खरं असतं.

आटण्याचा हिशेब, जो कोणी करत नाही

माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा इथे होतो, कारण तो डिलिव्हरीनंतर दिसतो. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने एका हॉटेलला स्टाफचे टी-शर्ट दिले. पैसे मिळाले, सगळं छान. पंधरा दिवसांनी फोन आला की वेटरने हात वर करून ट्रे उचलला की पोट दिसतं. कापड सात टक्के आटलं होतं. २८ इंच उंचीला सात टक्के म्हणजे जवळजवळ दोन इंच. ते हॉटेल परत त्याच्याकडे आलं नाही.

चाचणी घरी होते. मोठ्या तुकड्यावर पक्क्या पेनने ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. तुकड्याच्या कडांना ओव्हरलॉक मारून घ्या. गिऱ्हाईक जसं धुणार तसंच तीन वेळा धुवा. वाळवताना दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने कापड लांबतं आणि माप खोटं येतं. आडवं पसरून वाळवा, मग मोजा. ४८.५ राहिलं तर तीन टक्के आटलं, ४६.५ राहिलं तर सात टक्के. उंची आणि रुंदी वेगवेगळी मोजा, दोन्हीकडे सारखं आटत नाही.

समजा तुमच्यासमोर दोन कापडं आहेत. पहिलं ३८० रुपये किलो, उंचीला सात आणि रुंदीला चार टक्के आटणारं. दुसरं ४०० रुपये किलो, तीन आणि दोन टक्के आटणारं. धुतल्यावरही माप बरोबर राहावं म्हणून पहिल्याला सुमारे बारा टक्के जास्त कापड कापावं लागेल, दुसऱ्याला साधारण पाच. म्हणजे पहिलं पडलं ४२६ रुपयांना आणि दुसरं ४२१ ला. स्वस्त कापड महाग पडलं, आणि वाढीव पॅटर्नची डोकेदुखी वेगळी.

कटिंगच्या आधी ताका किंवा रोल सोडून कापड एक दिवस सैल पसरून ठेवा, हेही सांगून ठेवते. गुंडाळताना ते ताणलेलं असतं. सोडल्या सोडल्या कापलं तर टेबलावर बरोबर असलेला पॅनेल शिलाईला जाईपर्यंत आखूड होतो. लायक्रा असेल तर हे टाळूच नका.

कुणासाठी काय घ्यायचं?

कॉटन की पीसी हा वाद कापडावर नाही, अंगावर सोडवायचा. कापूस हवेतला ओलावाच साडेआठ टक्क्यांपर्यंत धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे कापूस घाम शोषतो पण भिजला की जड होतो आणि वाळायला वेळ लावतो. पॉलिस्टर पटकन वाळतं, रंग टिकवतं, पण उकाड्यात चिकचिकतं.

विसर्जनाला कार्यकर्ता चोवीस तासांहून जास्त रस्त्यावर असतो, घाम आणि पाऊस दोन्ही अंगावर. त्याला मी पीसी मॅटी देते, कापसाचा भाग जितका जास्त मिळेल तितका, २०० ते २२० जीएसएमचा. दुकानाच्या स्टाफला रोज धुवायचं असतं, तिथेही पीसीच. स्वयंपाकघरात, भट्टीपाशी काम करणाऱ्यांना मात्र पूर्ण कॉटन. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, तिथे दहा रुपये वाचवायला जाऊ नका. गिऱ्हाईकाने कितीही घासाघीस केली तरी ही ऑर्डर मी पीसीत घेत नाही. स्वतःचा ब्रँड काढून किरकोळीत विकायचं असेल तर कोम्ब्ड कॉटन, बायो-वॉश केलेलं घ्या. त्यातले आखूड तंतू आधीच निघालेले असतात, म्हणून गोळे कमी धरतात.

गडद पीसीवर पांढरं प्रिंट करायचं असेल तर जपून. मरून किंवा लाल पॉलिस्टरमधला रंग प्रिंटच्या गरमीने वर येतो आणि पांढरं नाव दोन दिवसांत गुलाबी दिसायला लागतं. गणपतीत गुलालावर ढकलता येईल, ऑफिसच्या ऑर्डरीत नाही. एक नग छापून दोन-तीन दिवस बाजूला ठेवा, मगच बाकीचे छापा. आणि पिकेच्या खरबरीत पोतावर फार बारीक अक्षरं तुटतात, लोगो लहान असेल तर एम्ब्रॉयडरी बरी.

कॉलर वेगळी, नगावर येते. ती अंगाच्या कापडाबरोबरच, एकाच वेळी घ्या आणि दिवसाच्या उजेडात दुकानाच्या दारात आणून जुळवा, ट्यूबलाइटखाली नाही. ओल्या पांढऱ्या रुमालाने दहा वेळा घासून रंग सुटतो का तेही तिथेच बघा.

बिलावर 'पोलो कापड, ८० किलो' असं लिहून घेऊ नका. धागा, टक्केवारी, जीएसएम, रंगाचा लॉट नंबर, हे सगळं लिहायला लावा आणि वीतभर तुकडा बिलाला स्टेपल करून ठेवा. चार महिन्यांनी तोच गिऱ्हाईक अजून पंधरा नग मागतो आणि तो लॉट तोवर संपलेला असतो. नवा लॉट शेजारी ठेवला की फरक दिसतो. म्हणून मी मोठ्या ऑर्डरीत सुरुवातीलाच विचारते, "नवीन माणसं भरती होणार आहेत का?" हो म्हणाले तर एल आणि एक्सेलचे आठ-दहा नग जास्तीचे शिवून त्याच बिलात लावते.