साडेसात पीळ

आवाज झाला तेव्हा वाटलं, कुकर फुटला. जानेवारीतली सकाळ होती, बाहेर बर्फ होता, आणि कुकर तर अजून गॅसवर चढलाही नव्हता. न्यू जर्सीतल्या आमच्या घराला लागूनच गॅरेज आहे. दार उघडून डोकावलो तर सगळं जागच्या जागी. गाडी, गणपतीच्या मखराचे खोके, घरात वास नको म्हणून तळणासाठी तिथेच मांडलेली शेगडी. बटण दाबलं. मोटर कण्हली, दार चार बोटं उचललं गेलं आणि अडलं. मग वर नजर गेली. दाराच्या माथ्यावर एक आडवा दांडा आहे, त्यावर दोन जाड काळ्या स्प्रिंगा बसवलेल्या आहेत. त्यांतल्या एकीत मधोमध दोन इंचांची फट पडली होती.

तोवर माझी समजूत अशी होती की दार उचलते ती मोटर. छताला टांगलेली पेटी, तिचा आवाज, तिचा दिवा. सगळं श्रेय तिलाच जायचं. प्रत्यक्षात ती अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दाराला फक्त ढकलते आणि थांबवते. दोन गाड्यांचं पोलादी दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असतं. वजन साधारण दीडशे ते दोनशे पौंड, म्हणजे सत्तर ते नव्वद किलो. लाकडी असेल तर आणखी जड. हा भार पेलतात त्या स्प्रिंगा, आणि तेही अशा बेताने की सगळं ठीक असेल तर शाळेतलं पोरही ते दार एका हाताने वर सारू शकतं.

हे दार अखंड नसतं. चार-पाच आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात आणि कडेची चाकं रुळांतून धावतात. तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना पोलादी दोर बांधलेले असतात. ते वर जाऊन दांड्याच्या टोकांवरच्या ड्रमांवर गुंडाळले जातात. स्प्रिंगचं एक टोक भिंतीशी जखडलेलं, दुसरं दांड्याला आवळलेलं. दार खाली येताना दोर ड्रमवरून सुटतो, दांडा फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. जुन्या घड्याळाला किल्ली द्यायचो, तशी इथे दारच उतरता उतरता स्वतःला किल्ली देतं. पुढच्या खेपेला वर जायचं बळ त्यातूनच येतं.

खरी गंमत पुढे आहे. दार वर जातं तशी एकेक फळी वळून छताखालच्या आडव्या रुळावर पहुडते, आणि तिचं वजन रूळ घेतो. म्हणजे दोरांना लोंबणारा भार कमी कमी होत जातो. इकडे स्प्रिंगचा जोरही पीळ सुटेल तसा त्याच प्रमाणात ओसरतो. ताण आणि बळ यांचं हे नातं रॉबर्ट हूकने १६७८ साली छापून ठेवलं. दोन्ही उतार जवळजवळ एका चालीने उतरतात. त्यामुळे दार कुठेही सोडा, ते तिथेच तरंगल्यासारखं राहतं.

किती पीळ द्यायचा, याचा हिशेबही सोपा आहे. नेहमीच्या ड्रमचा व्यास ४ इंच, म्हणजे घेर साडेबारा इंचांच्या आसपास. ७ फुटांचं दार उतरायला पावणेसात फेरे लागतात. दार पूर्ण वर असताना दोर ढिला पडून ड्रमवरून निसटू नये म्हणून पाऊण फेरा शिल्लक ठेवायचा. झाले साडेसात. माझ्या फटीचं कोडंही इथेच सुटलं. स्प्रिंग पिळली की दर फेऱ्याला तिचा एक वेढा वाढतो, म्हणजे ती तारेच्या जाडीएवढी लांबते. तार पाव इंचाची असेल तर साडेसात फेऱ्यांत जवळजवळ दोन इंच. तुटल्याक्षणी सगळा पीळ सुटतो, स्प्रिंग मूळच्या लांबीवर आखडते आणि तेवढंच अंतर उघडं पडतं.

(जाता जाता एक विनोद. इंग्रजीत हिला टॉर्शन स्प्रिंग, म्हणजे पिळाची स्प्रिंग म्हणतात. पण ती पिळली जाते तेव्हा तिच्यातली तार वाकत असते. उलट काही दारांच्या दोन्ही बाजूंना रुळांलगत लांब ताणाच्या स्प्रिंगा असतात. त्या ओढल्या की त्यांची तार मात्र पिळली जाते. नावं ठेवणाऱ्यांनी अदलाबदल केली.)

अमेरिकेत वर सरकणारं दार आणलं सी. जी. जॉन्सनने, १९२१ मध्ये. १९२६ मध्ये त्यानेच विजेवर चालणारा ओपनरही काढला. त्याआधी मोटारी तबेल्यासारख्या दारांमागे उभ्या असत. ती दारं बाहेर उघडायची, आणि दारापुढे फूटभर बर्फ साचला की आधी फावडं शोधा. मुंबई-पुण्यातल्या दुकानाचं शटर हे याच कुळातलं. त्याच्या वरच्या पाइपात पट्टीच्या स्प्रिंगा गुंडाळलेल्या असतात. शटर जड चालायला लागलं की दुकानदार शटरवाल्याला बोलावतो आणि स्प्रिंग टाइट करून घेतो.

नेहमीच्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार फेऱ्यांचं धरतात. एकदा वर आणि एकदा खाली ही एक फेरी. इथे घराचा पुढचा दरवाजा फक्त पाहुण्यांसाठी. घरची माणसं गॅरेजमधूनच ये-जा करतात. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर दहा हजारांना सात वर्षंही पुरत नाहीत. दर खेपेला तार वाकून सरळ होते, पृष्ठभागावर कुठेतरी केसाएवढी चीर पडते, ती हळूहळू आत सरकते. गंज लागला तर चिरेला आयतीच सुरुवात मिळते. जास्त जाड आणि जास्त लांब तारेची स्प्रिंग घेतली तर तेच दार उचलताना तारेवरचा ताण कमी पडतो आणि आयुष्य दुप्पट-तिप्पट होतं. किंमत थोडीच वाढते. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

घरच्या माणसाच्या हातातली देखभाल थोडकीच. वर्षातून दोन-तीनदा स्प्रिंगवर, बिजागऱ्यांवर आणि चाकांच्या बेअरिंगवर हलकं तेल. त्याने धातूचा थकवा जात नाही, पण गंज लांब राहतो आणि वेढे एकमेकांवर करकरत नाहीत. रुळांना तेल नको, ते फक्त पुसायचे. आणि तोल तपासायचा. दार बंद असताना ओपनरला लोंबणारी लाल दोरी ओढून दार त्यापासून सोडवायचं, हाताने कमरेपर्यंत आणून अलगद सोडायचं. थांबलं तर उत्तम. खाली बसायला लागलं तर स्प्रिंग थकली, वर पळालं तर पीळ जास्त झाला. स्प्रिंग तुटलेली असताना दार वर अडकलं असेल, तर त्या लाल दोरीला हात लावायचा नाही. सगळं वजन एकदम खाली येतं. नव्या ओपनरना १९९३ पासून कायद्याने मधला अडथळा ओळखून उलटं फिरायला लावलं आहे, पण ती सोय मोटरची. सुटलेल्या दाराला ती लागू नाही.

ताणाच्या स्प्रिंगा असतील तर त्यांच्या आतून एक सुरक्षा-दोर ओवलेला आहे ना, हे बघावं. तो नसेल तर तुटलेला तुकडा गॅरेजभर उडतो. तळाच्या कोपऱ्यातल्या, दोर अडकवलेल्या पट्टीचे स्क्रू तर कुणीच सोडू नयेत. दार बंद असताना स्प्रिंगचा सगळा ताण तिथे येऊन थांबलेला असतो.

दुपारी कारागीर आला. दाराला वरून शिकंजा लावला, म्हणजे ते अवेळी उचललं जायला नको. त्याने दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. दोघींच्या फेऱ्या सारख्याच झाल्या होत्या, दुसरी आज ना उद्या जाणारच होती. मग अर्ध्या इंच जाडीच्या, हातभर लांबीच्या दोन सळ्या काढल्या. एक सळी स्प्रिंगच्या टोकावरच्या शंकूच्या भोकात घालून पाव फेरा फिरवायचा, तिथेच दाबून धरायची, दुसरी पुढच्या भोकात घालायची, मग पहिली काढायची. एका स्प्रिंगला तीस वेळा हेच. सळीच्या टोकाशी फार जोर लागत नाही. दीडशे पौंडांच्या दाराचा भार एकाच स्प्रिंगवर असला तरी आठेक किलोंचा. म्हणूनच माणूस फसतो. हात कधीच थकत नाहीत, फक्त एकदा सळी निसटते, आणि मग ती पंख्याच्या पात्यासारखी फिरते. कित्येक जण सळीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घालतात. तो भोकात नीट बसत नाही. कारागीर स्वतः सळीच्या फिरण्याच्या रेषेत कधीच उभा राहिला नाही. बाजूला शिडीवर, चेहरा दुसरीकडे.

पीळ भरण्याआधी त्याने प्रत्येक स्प्रिंगवर खडूने एक सरळ आडवी रेघ ओढली होती. पीळ बसत गेला तशी ती रेघ नागमोडी होत स्प्रिंगभोवती चढत गेली. फेरे मोजायची हीच खूण. शंकू दांड्याशी जखडणारे सेट-स्क्रू आवळून झाल्यावर त्याने मला बोटाने मोजून दाखवलं. साडेसात.

आता सकाळी दार उघडताना मान आपोआप वर जाते. दार चढतं तशी ती रेघ उलगडत जाते, आणि ते छताशी पोहोचलं की जवळजवळ सरळ होते. पाऊण फेऱ्याचा बाक तेवढा उरतो.