कॉलेजातल्या छळाविरुद्ध तक्रार करणाऱ्या ताईच्या मागे आपण कसे उभे राहावे?

नसरापूर हे पुणे-सातारा महामार्गावरचे गाव. भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांतून आपल्या समाजातल्या मुली इथल्या आणि पुण्याकडच्या कॉलेजांत कामाला जातात. कोणी तासिका तत्त्वावर शिकवते, कोणी ग्रंथालयात असते, कोणी ठेकेदारामार्फत सफाईचे काम करते. पहिल्या शिकलेल्या पिढीची ही नोकरी साऱ्या घराचा आधार असते. म्हणून विभागप्रमुख अंगचटीला आला किंवा रात्री नको ते मेसेज पाठवू लागला, तरी तिच्या मनात पहिला प्रश्न येतो तो पुढच्या वर्षी तासिका मिळतील का, हा.

कायदा तिच्या बाजूने आहे. पण तक्रार शेवटपर्यंत टिकायची तर मागे उभे राहणाऱ्यांकडे शिस्त लागते. त्या शिस्तीविषयी हे लेखन आहे.

कायदा कोणाला लागू होतो?

१९९२ मध्ये राजस्थानात कुंभार समाजातल्या भंवरी देवी या सरकारी 'साथिन' कार्यकर्तीने बालविवाहाला विरोध केला. त्याचा सूड म्हणून गावातल्या वरचढ जातीच्या पुरुषांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. खालच्या न्यायालयाने १९९५ मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. पण महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. त्यातून २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा, म्हणजे पॉश कायदा झाला. विद्यापीठे आणि महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१५ ची स्वतंत्र नियमावलीही आहे.

कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, ठेकेदाराची, शिकाऊ, अशा सर्व कर्मचारी महिला या कायद्यात येतात. तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका आणि सफाई करणारी मावशी दोघींचा हक्क सारखाच आहे. नकोसा स्पर्श, लैंगिक मागणी, अश्लील बोलणे, अश्लील चित्र दाखवणे आणि तसे हावभाव हे सारे छळच आहे.

तक्रार कुठे करायची?

प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असते. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या सामाजिक संस्थेची एक व्यक्ती सदस्य असते. किमान निम्म्या सदस्य महिला हव्यात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांसारखे अधिकारी तिच्यात बसू शकत नाहीत. समितीची यादी हाती आली की आधी हेच तपासावे.

तक्रार खुद्द संस्थाचालकाविरुद्ध असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची. त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागू नयेत म्हणून प्रत्येक तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. त्याने तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची असते.

घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी. प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचे. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या तक्रार करू शकत नसेल, तर मैत्रीण, नातेवाईक किंवा सहकारी तिच्या वतीने करू शकतात.

समितीने तक्रारीची प्रत समोरच्याला सात दिवसांत द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे. चौकशी ९० दिवसांत, त्यानंतर अहवाल दहा दिवसांत आणि संस्थेची कारवाई पुढच्या ३० दिवसांत व्हायला हवी. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. समेट फक्त तिने मागितला तरच होऊ शकतो आणि तो पैशांवर करता येत नाही. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

जात विसरू नका

ती अनुसूचित जातीची आहे हे ठाऊक असून अत्याचार करणाऱ्या बिगर अनुसूचित व्यक्तीवर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही लागतो. संमतीविना लैंगिक हेतूने स्पर्श, शब्द किंवा हावभाव हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही हे संरक्षण आहे. मात्र दाखल्यावर मूळ जातीची नोंद आहे का, हे आधीच पाहून ठेवावे. समितीकडे तक्रार आणि पोलिसांत गुन्हा दोन्ही एकाच वेळी करता येतात.

छळ लैंगिक नसून अपमानाचा, कामावरून डिवचण्याचा असेल, किंवा पीडित पुरुष कर्मचारी असेल, तर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमातली तक्रार निवारण समिती आहे. जातिवाचक अपमानासाठी अ‍ॅट्रॉसिटी कायदा स्त्री-पुरुष दोघांनाही आहे.

कार्यकर्त्यांची खरी परीक्षा

अन्यायाची बातमी कळली की आपला हात आधी मोबाइलकडे जातो. इथे तो आवरायला हवा. पॉश कायद्यानुसार तक्रारदार, समोरची व्यक्ती, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील प्रसिद्ध करता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचे नाव फिरले की गावात बदनामी तिचीच होते आणि समोरच्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. मोर्चा काढायचाच तर समिती नेमली नाही, मुदत पाळली नाही, यासाठी काढा. तोही तिला विचारून.

घाईही नडते. गोवा विद्यापीठातल्या विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. पण समितीने चौकशी घाईत उरकली, त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी नव्याने करायला सांगितली. चौदा वर्षांनी त्या मुली पुन्हा सुरुवातीला आल्या. समोरच्याला नीट ऐकून घेणे हे तक्रारदाराच्याही हिताचे असते.

समितीपुढे वकील नेता येत नाही. म्हणून तयारीची जबाबदारी आपल्यावर येते. तारखांची वही ठेवणे, मेसेज न पुसता त्यांची प्रत काढणे, तक्रारीच्या प्रतीवर पोच घेणे, साक्षीदाराला धीर देणे, सुनावणीच्या दिवशी तिच्याबरोबर एसटीने जाऊन बाहेर बसून राहणे, ही कामे कोणीही शिकलेला तरुण करू शकतो. निर्णय मात्र तिचाच.

विनयपिटकात वासनेने स्त्रीला स्पर्श करणे आणि तिच्याशी अश्लील बोलणे हे भिक्खूसाठी दोन वेगळे संघादिसेस दोष आहेत. "नुसता बोललाच ना?" ही पळवाट तिथेही नाही. आपल्या विहारात ती असू नये. आपल्यातल्याच एखाद्या कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार आली तरी हाच नियम लागू होतो.

सुरुवात छोटी करता येईल. प्रत्येक विहाराने गोपनीयता पाळणाऱ्या दोन जाणत्या महिला निवडाव्यात आणि तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचे नाव-नंबर फलकावर लावावे. कोणाला ठेच लागण्याआधी हे झालेले असावे, कारण तीन महिने फार लवकर सरतात.